मुक्या बिया

बिया हल्ली बोलतच नाहीत, असं फिटरसाहेबांचं ठाम मत झालं होतं.

साहेब ही गल्लीने चिकटवलेली पदवी. कारखान्यात ते निवृत्त होईपर्यंत साधे फिटरच होते. पण कान असा तयार, की मशीनजवळून नुसते चालत गेले तरी कुठलं बेअरिंग जायला आलंय ते सांगायचे. निवृत्तीनंतर त्यांनी हाच कान कॉफीच्या कढईला लावला. दर रविवारी सकाळी हिरव्या बिया जाड लोखंडी कढईत घालायच्या, उलथन्याने हलवत राहायचं, आणि बिया तडतडल्या की जरासं थांबून गॅस बंद. रंग फसवतो, वास फसवतो, कान फसवत नाही, हा त्यांचा सिद्धांत. तेवढा वेळ घरात पंखा बंद, नळ बंद आणि बायकोचं तोंडही बंद. एकदा ती शिंकली तर साहेबांनी असं काही पाहिलं, की बिचारीने पुढची शिंक गिळून टाकली.

गेलं वर्षभर मात्र कढईतून आवाज येईना. साहेब वाट पाहत राहायचे, स्वयंपाकघर धुराने भरायचं आणि हाती यायचे कोळसे. त्या कोळशांची कॉफी बायको मुकाट्याने प्यायची. "जुना माल गळ्यात मारतात लेकाचे," म्हणत साहेबांनी दुकान बदललं, मग तेही बदललं. शेवटी एक दिवस ते तावातावाने नव्या दुकानदाराकडे गेले आणि उरलेल्या बियांची पुडी त्याच्यासमोर आपटली.

"तुमच्या बिया तडतडत नाहीत. लोकांना फसवता काय?"

दुकानदार शांत माणूस. वाद घालत बसण्याऐवजी त्याने त्या पुडीतल्याच मूठभर बिया मागच्या शेगडीवर, तव्यात टाकल्या. दोन-चार गिऱ्हाइकंही मजा बघायला जमली. बिया पिवळ्या झाल्या, मग तांबूस. साहेब तव्यावर वाकून, कान देऊन उभे.

"आता ऐका," दुकानदार मोठ्याने म्हणाला.

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. तव्यातली एक बी टुणकन उडाली. मग दुसरी. मग बऱ्याच उडायला लागल्या, त्यांच्या पोटावरची चीर उघडलेली साहेबांना स्पष्ट दिसली. आवाज मात्र काही नाही. "माफ करा," एवढंच पुटपुटून ते निघाले. पुडी दुकानदाराने मागून येऊन हातात दिली.

हा दुकानदारही चोर निघाला, असं घरी सांगायचं त्यांनी वाटेत पक्कं केलं. बायकोने मान हलवली असती आणि विषय मिटला असता.

"काय म्हणाला दुकानदार?" दारातच तिने विचारलं.

साहेब चपला काढायला बसले ते तसेच बसून राहिले. "बिया चांगल्या आहेत. माझे कान गेले." म्हणता म्हणता त्यांना रडू आलं, आणि रडण्याची लाजही वाटली.

"मला ठाऊक होतं," ती जवळ बसत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"भाजताना बोलायचं नाही, हा कायदा कोणाचा?"

साहेबांना रडता रडता हसू फुटलं.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या," ती म्हणाली.

"जाऊ. आधी कढई ठेव."

रविवार नव्हता, तरी कढई चढली. ती त्यांच्या कोपराला हात लावून शेजारी उभी राहिली. बिया तांबूस झाल्या आणि थोड्या वेळाने तिने कोपर दाबलं. साहेबांनी जरासं थांबून गॅस बंद केला, बिया चाळणीत ओतल्या. सुरेख तपकिरी रंग आला होता. पण साहेबांचं लक्ष चाळणीकडे नव्हतंच.

"कसा होता गं आवाज?"

ती गडबडली. असलं काही सांगायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. "असा... कोणीतरी वाळक्या काटक्या मोडतंय तसा. आधी एक मोडली, मग थांबला. मग भराभर."

साहेबांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर आणली, तिचे ओठ नीट दिसतील अशी.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "सावकाश."