वहिनींचे उंदीर आणि माझा कळवळा

शनिवारी मी पाच उंदरांना जेवू घातलं आणि वहिनींचं आयुष्यातलं पहिलं मोठं भाषण बुडवलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. एका संशोधनसंस्थेत त्या उंदरांच्या रक्तवाहिन्या तपासतात. सुट्टीच्या दिवशीही उंदरांना भूक लागतेच, म्हणून मी वहिनींना गाडीतून सोडायला गेलो आणि हौसेने आतही शिरलो. अंगात झगा, डोक्याला टोपी, पायांत पिशव्या. माझ्या लग्नातसुद्धा मला कुणी इतकं सजवलं नव्हतं. वहिनी हातमोजे बदलायला वळल्या. डावीकडचे उंदीर लोण्याच्या गोळ्या खाऊन तुकतुकीत झालेले. उजवीकडच्यांच्या वाट्याला मात्र पुठ्ठ्यासारखं कोरडं खाणं! मला भरून आलं. उजवीकडच्या एका पिंजऱ्याच्या खाण्याच्या जाळीत मी लोण्याच्या गोळ्या दाबून भरल्या आणि पुण्य पदरात पाडून घरी येऊन झोपलो.

सोमवारी वहिनींना ती जाळी दिसली.

त्यांचं काम मला त्यांनी एकदा भांडी विसळता विसळता समजावलं होतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचते. ती हटवायला पांढऱ्या पेशी धावतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरून पडतात. त्या ढिगाने वाट आणखी अरुंद होते.

"म्हणजे आमच्या ऑफिसातली चौकशी समितीच की!" मी म्हणालो.

"काही पेशी मात्र बाकीच्यांना आवरतात. पुरे झालं, घरी जा, म्हणतात. त्या कमी केल्या तर उंदरांच्या धमन्या जास्त तुंबतात का, ते मी बघतेय."

आमच्या घरी दादाचा पारा चढला की हे आवरण्याचं काम वहिनी एका भुवईवर करतात. साध्या खाण्यावरचे उंदीर तुलनेसाठी होते. मी त्यांनाच लोण्याची मेजवानी दिली होती.

याच प्रयोगावरच्या, परिषदेतल्या भाषणाची तालीम त्या रोज फ्रिजसमोर करायच्या. वेळ मोजायला दादा घड्याळ घेऊन बसायचा आणि तिसऱ्या वाक्याला घोरायला लागायचा. तरी वहिनी शेवटपर्यंत बोलायच्या. फ्रिज जागा असायचा ना!

माफी मागायला मी त्यांच्याबरोबर साहेबांकडे गेलो. साहेबांना संस्थेत सगळे 'महाधमनी' म्हणतात, कारण प्रत्येक कागद त्यांच्यातूनच पुढे जातो आणि तिथेच अडकतो. हृदयरोगावरचा एक जाडजूड अहवाल बशीखाली ठेवून ते तळलेलं काहीतरी खात होते.

"अहो बाई, दोन दिवस लोणी खाल्लं तर काय आभाळ कोसळलं? नोंदच करू नका!"

"सर, किती खाल्लं, कुणी खाल्लं, काही कळायला मार्ग नाही. तो पिंजरा तुलनेतून काढावा लागेल."

"मग संख्या कमी पडेल."

"पडेल. नवे उंदीर घेऊन पुन्हा सुरुवात करते."

"आणि परिषद? पुढच्या महिन्यात आहे ती! पहिल्यांदा तुम्हाला व्यासपीठावर पाठवतोय मी."

मला वाटलं, आता वहिनींची भुवई वर जाणार. गेली नाही. उलट डोळे खाली गेले.

"दुसऱ्या कुणाला पाठवा, सर."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि बशीतला शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

परतताना गाडीत वहिनी मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी मलाच राहवलं नाही.

"वहिनी, गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं? उंदीर थोडेच चुगली करणार होते?"

"उंदरांना बोलता येत नाही, म्हणून तर मला पगार मिळतो, भावजी."