भावजी टाचणीवर जळतात

आमच्या संस्थेच्या संचालिकाबाईंचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, पहिल्यापासून जळकुकडे. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे, त्यामुळे ही चहाडी नाही. खाली त्यांचं चष्म्यांचं दुकान, वर आमचं ऑफिस आणि मधे एक लोखंडी जिना. तो कुणीही चढलं तरी वाजतो, पण भावजी चढले की जरा जास्तच वाजतो. दुकानात गिऱ्हाईक असलं की भावजी आतल्या अंधाऱ्या खोलीत भिंगं बदलत 'हे बरं की ते बरं' विचारत असतात. नसलं की वर येऊन आपली बायको कुणाशी गोड बोलतेय ते बघतात.

आणि बाई गोड बोलतात हे खरंच. त्यांचं कामच ते. आमची संस्था लहान ग्रंथालयांसाठी एक सॉफ्टवेअर चालवते. ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कुणीही बघा, दुरुस्त करा, फुकट वापरा. शाळा वापरतात, तुरुंग वापरतात, एका जहाजावरचं वाचनालयही वापरतं. कोड लिहिणारे सगळे स्वयंसेवक, कुठे कुठे पसरलेले आणि टोपणनावांनी वावरणारे. पगार कुणालाच नाही, त्यामुळे रागावता कुणालाच येत नाही. दोघेजण एका बटणाच्या जागेवरून हमरीतुमरीवर आले की बाई दोघांना वेगवेगळं गाठून समजावणार. कुणी दुरुस्ती पाठवून महिनाभर ताटकळला असेल तर त्याची समजूत काढणार. देशोदेशी विखुरलेल्या विश्वस्तांची सभा ठरवायची तर एकाची पहाट, दुसऱ्याची दुपार आणि तिसरा गाढ झोपलेला. 'फुकट कसं देता? यात काहीतरी गोम असणार,' म्हणणाऱ्या ग्रंथपालाला परवाना समजावणार त्याही बाईच. मी काय करते? उरलेलं सगळं. सभांची इतिवृत्तं लिहिते, वेबसाइटच्या नावाची मुदत संपण्याआधी ती वाढवून घेते, आणि फोरमवर लोक शंका विचारतात त्यांना उत्तरं देते. त्या फोरमवर माझं राज्य होतं. टाचणी येईपर्यंत.

झालं ते असं. एका ग्रंथपालाने लिहिलं होतं, तुमच्या भिकार प्रोग्रामने आमच्या वारलेल्या सभासदाला 'पुस्तक परत करा' असं पत्र पाठवलं, त्याची बायको काउंटरवर येऊन रडली. बाईंनी उत्तर लिहिलं, "झाल्या प्रकाराबद्दल मनापासून दिलगीर आहोत. तुम्ही वेळ काढून कळवलंत, म्हणून निदान दुसऱ्या कुणावर ही वेळ येणार नाही." भावजी त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून वाचत होते.

"हा तुला भिकार म्हणतोय," ते म्हणाले.

"प्रोग्रामला म्हणतोय."

"आणि तू त्याचे आभार मानतेस. मी काल बेसिनचा नळ दुरुस्त केला, तर 'फरशी ओली केलीत' म्हणालीस."

बाईंनी मान वर केली नाही. "तक्रार असेल तर लिहून द्या. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. तीन ओळी पुरेत. नियम सगळ्यांना सारखा आहे."

मी फिदीफिदी हसले. भावजी हसले नाहीत. ते जिना वाजवत खाली गेले, आणि त्याच आठवड्यात आमच्या फोरमवर टाचणी नावाची नवी सभासद आली.

टाचणी कोण ते आता सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. टाचणी म्हणजे भावजीच. पण तेव्हा ते ना बाईंना माहीत होतं, ना मला.

टाचणीची पहिली तक्रार अशी होती: शोधलेल्या पुस्तकांची नावं फिक्या राखाडी अक्षरांत येतात, चाळिशी लागलेल्या माणसाला ती वाचता येत नाहीत, अक्षरं गडद हवीत. बाईंनी लगेच लिहिलं, "टाचणी, किती नेमकं सांगितलंत! इतकी वर्षं आमच्या कुणाच्या हे लक्षातच आलं नाही." त्या दिवशी भावजी खाली शीळ घालत काचा पुसत होते. मला वाटलं, मोठी ऑर्डर मिळाली असेल.

मग टाचणी रोज यायला लागली. आधी तक्रारी, मग दुसऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं. नावावरून सगळ्यांनी ती बाईमाणूस धरली आणि तिनेही कुणाला दुरुस्त केलं नाही. आता स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या म्हटलं तर आपल्या भाषेत 'गेलो' की 'गेले' ते सांगावंच लागतं. टाचणी मोठ्या शिताफीने टाळायची. 'असं दिसलं', 'लक्षात आलं', 'पुन्हा करून बघितलं'. मी तिच्यात खोट शोधायला म्हणून तिची झाडून सगळी उत्तरं वाचली, तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं. मी मनात म्हटलं, स्वतःबद्दल अवाक्षर नाही, फार शिष्ट दिसते.

खोट का शोधत होते? जळत होते म्हणून. मी चहाचा कप खाली ठेवून उत्तर लिहायला घ्यावं, तर टाचणीने ते आधीच दिलेलं असायचं. माझी जुनी माणसं, ज्यांना मी पासवर्ड कसा बदलायचा इथपासून शिकवलं, ती 'टाचणीताईंना विचारा' म्हणायला लागली. आणि वर बाई मला म्हणायच्या, "बघ ना, किती हळुवार समजावलंय तिने. आपणही असंच लिहीत जाऊ." आपणही! बाईंना 'तू' म्हणायचं असलं की त्या 'आपण' म्हणतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तुम्ही म्हणाल, भावजींना तरी गुदगुल्या होत असतील. पहिले काही दिवस झाल्याही असतील. पण एकदा आम्ही तिघं ऑफिसात जेवत होतो. बाई घास हातात तसाच धरून म्हणाल्या, "टाचणीसारखं माणूस जवळ असायला हवं होतं. किती समजून घेते."

भावजींनी डब्याचं झाकण दाणकन आपटलं. "मग तिलाच बोलाव की जेवायला."

"अहो, तुम्हाला काय झालं?"

"काही नाही. भाजीत मीठ नाही."

मीठ होतं. मीही तीच भाजी खात होते.

त्यांचा राग बघून मला जरा बरं वाटलं. इथे टाचणीने पोळलेली मी एकटी नाही तर! मग मी दुपारी खाली दुकानात जायला लागले, चष्म्याची काडी सैल झाली आहे या सबबीवर. भावजी काडी आवळायचे आणि आम्ही दोघं मिळून टाचणीला नावं ठेवायचो. त्यांच्या कॉम्प्युटरचा पडदा मी आले की भिंतीकडे वळायचा, पण तेव्हा मला कुठलं सुचायला.

"हिला घरदार नसेल," मी म्हणाले.

"नसेलच," भावजी म्हणाले. "असतं तर एवढा वेळ कुठला?"

"आणि गोड किती बोलते! इतकं गोड बोलणारं माणूस मनातून साफ नसतं."

"साफ खोटं असतं," ते म्हणाले, आणि इतक्या तिडकीने म्हणाले की हातातला स्क्रू फरशीवर उडाला. तो शोधायला आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो होतो.

ते ढोंग करत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. भावजी टाचणीवर खरोखर जळत होते. बायकोचं कौतुक हवं म्हणून माणसाने एवढा खटाटोप केला, कौतुक आलंही, पण पत्ता चुकून शेजारच्या घरी पडलं. शेजारी जाऊन 'ते माझं आहे' म्हणावं, तर त्याच दिवसापासून ते यायचं बंद. सांगताही येईना आणि सोडवतही नाही.

त्यात विश्वस्तांची एक जागा रिकामी झाली. बाईंनी ठरवलं, टाचणीला घ्यायचं. "वार्षिक सभेत सगळ्यांशी तिची ओळख करून देऊ. एकदा चेहरा तरी दिसेल," असं म्हणून त्यांनी तिला निमंत्रण धाडलं. टाचणीने कळवलं, कॅमेरा नादुरुस्त आहे. बाई म्हणाल्या, दुरुस्त होईपर्यंत सभा पुढे ढकलू. खाली भावजींनी एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे बसवलं. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

मी मात्र पार खचले. टाचणी विश्वस्त झाली की मी लिहिलेली इतिवृत्तं तीच तपासणार. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून तिला शिव्या दिल्या.

सभा काही झाली नाही, कारण मधेच हातोडा तापला. हातोडा हा आमचा जुना स्वयंसेवक, कोड फक्कड लिहितो, पण जीभ नावासारखी. नव्या आवृत्तीत त्याची एक दुरुस्ती घ्यायची राहिली. राहिली म्हणजे तपासणाऱ्यानेच थांबवली होती, बाईंचा त्यात काही संबंध नव्हता. तरी त्याने फोरमवर सगळ्यांसमोर लिहिलं: संचालिकेला कोडची एक ओळ लिहिता येत नाही, दिवसभर गोड गोड पत्रं पाठवण्यापलीकडे त्या काय करतात? राजीनामा द्यावा.

बाई उत्तराची जुळवाजुळव करत होत्या. मीही सरसावून बसले होते. तेवढ्यात टाचणीचं उत्तर आलं.

"अरे गाढवा, ती काय करते ते तुला काय माहीत? सकाळपासून तुमच्यासारख्यांची भांडणं मिटवत बसते. जेवताना तिचा एक हात कीबोर्डवर असतो. मी रोज बघतो. तू एक दिवस तिच्या खुर्चीत बसून दाखव."

बाईंनी वाचलं. चष्मा काढला, डोळे चोळले. "मला मोठ्याने वाचून दाखव गं," म्हणाल्या.

मी वाचायला लागले. 'ती'वर अडखळले, 'बघतो'वर थांबलेच. संस्थेत लहानथोर सगळे बाईंना 'त्या' म्हणतात. हातोडासुद्धा, शिव्या घालतानासुद्धा.

"आई-बाबा गेल्यापासून," बाई म्हणाल्या, "मला 'ती' म्हणणारं माणूस एकच उरलंय."

खाली दुकानात अगदी शांतता होती. चूक त्यांच्याही लक्षात आली असणार. पण फोरमवरचं खोडता येत नाही, तो आमचाच नियम.

बाईंनी रडारड केली नाही. खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं, "टाचणी हे माझे यजमान आहेत. मला हे आत्ता कळलं. संचालिकेच्या घरच्या माणसाने नाव लपवून इथे वावरणं नियमात बसत नाही, आणि कुणाला गाढव म्हणणंही बसत नाही. हे खातं मी बंद करते आहे. विश्वस्तांना मला जे विचारायचं असेल ते त्यांनी सभेत विचारावं." हातोड्यालाही त्यांनी वेगळी समज दिली. मग खातं बंद करायच्या बटणावर बोट नेलं आणि ते बराच वेळ तसंच धरून ठेवलं. शेवटी दाबलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? फोरम पुन्हा माझा झाला होता.

मग जिना वाजला. भावजी येऊन दारातच थांबले.

"गाढव म्हणायला नको होतं," ते म्हणाले.

"नको होतं."

"रागावलीस?"

"नाही." बाई पडद्याकडेच बघत होत्या. "मला तिची आठवण येईल."

"कुणाची?"

"टाचणीची."

भावजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. मेलेल्या टाचणीवरही माणूस जळतच होता. "अगं, पण ती मीच ना! मी हा इथे उभा आहे."

"तुम्ही आहात हो. पण ती रोज संध्याकाळी मला एकटीला निरोप पाठवून विचारायची, दमलात का म्हणून. मी हो म्हटलं तर कशाने, तेही विचारायची. आणि मग ऐकायची."

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी निघावं, असा त्याचा अर्थ होता, पण अशा वेळी कोण निघतं? मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसले. ते आत आले, पाहुण्यांसाठीचं स्टूल ओढून बाईंच्या शेजारी बसले. तोंड उघडलं, मिटलं, खाकरले.

"आज," ते म्हणाले, "आज दमलात का?"

दमलात! आपल्या बायकोला 'अगं-तुगं'शिवाय बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. बाई हसल्या नाहीत.

"दमले," त्या म्हणाल्या.

"कशाने?"

बाई सांगायला लागल्या. हातोड्यापासून सुरुवात केली आणि मग मागे मागे जात राहिल्या. भावजी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. दोघांनाही माझी आठवण राहिली नव्हती. मी पर्स उचलली आणि जिना वाजू न देता उतरले. टाचणीचा काटा निघाला होता, पण पोटातली आग काही विझली नव्हती. आता मी बाईंवर जळत होते, आणि टाचणीवर कधी जळले नव्हते इतकी.

घरी आमचे हे टीव्हीसमोर बसले होते. मी चपला न काढता दारात तशीच उभी राहिले, यांना दिसेन अशी. बऱ्याच वेळाने यांनी मान वळवली.

"काय गं," म्हणाले, "किल्ली विसरलीस का ऑफिसात?"