पापाचा पत्ता

समस्त काशीस्थ मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की दुर्गाघाटाच्या गल्लीत एका सकाळी माझ्या पापांविषयी जे काही जाहीर झालं, त्याचा माझ्या चारित्र्याशी काडीचाही संबंध नव्हता.

झालं असं, की आमच्या मधुराला दिवाळीत इंदूरच्या आपट्यांचा समीर बघून गेला. मुलगा अमेरिकेत, आणि फोनवर असलं बोलायला लाजणारा. ‘विचार करून ई-मेल पाठवतो,’ म्हणाला आणि उडाला. त्या काळात अख्ख्या गल्लीत ई-मेल एकट्या माझ्याकडे. तोही ऑफिसचा, घरच्या फोनला मोडेम जोडून उघडायचा. उत्तर यायचं त्या दिवशी खुद्द आपटे दांपत्य काशीयात्रेच्या निमित्तानं आमच्या बैठकीत शिरा खात बसलेलं. सौ. देवापुढे, मधुरा दाराआड, मी कोपऱ्यातल्या काँप्युटरपुढे.

आणि नेमक्या त्याच सकाळी आमच्या ऑफिसनं मेलचा सर्व्हर बदलला! मला न विचारता! (मला विचारून ऑफिसनं आजवर काहीच केलेलं नाही, पण तरीही.)

ऑफिसातला काँप्युटर विभाग म्हणजे मिसिरजी. त्यांनी फोनवर सांगितलं, की आलेली पत्रं ज्या यंत्रात साठतात त्याचं नवं नाव भरा, बस्स. मी भरलं. ‘सर्व्हर सापडत नाही.’ पुन्हा भरलं. सापडत नाही! बरं, मोडेम फोन अडवून बसतो. मिसिरजींना जोडायचं तर मेल तोडा, मेल जोडायचा तर मिसिरजींना तोडा. शेवटी ठरलं, की मिसिरजींनी समोरच्या शुक्लाजींकडे फोन करायचा आणि शुक्लाजींनी निरोप खिडकीतून मला द्यायचा. आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या खिडकीत लोणच्याची वाटी देता येते. कुजबुजलं तरी ऐकू जातं. पण शुक्लाजी जन्मात कधी कुजबुजलेले नाहीत. हे तेच शुक्लाजी, ज्यांचं ‘कालेज’ आणि ‘डाक्टर’ मी वर्षानुवर्षं सुधारत आलो होतो. ते सुधारले नव्हते.

“दातारजी! मिसिरजी कह रहे हैं, आपका पाप मिल नहीं रहा!”

माझ्या पाठीमागे शिऱ्याचा चमचा थांबला.

मला संताप आला तो वेगळ्याच कारणानं. काशीत पाप सापडत नाही? लोक कुठून कुठून येऊन इथेच तर टाकून जातात! मी ओरडून कळवलं, की सांगितलं तसंच भरलंय. तिकडून फर्मान आलं, की पुराना पाप मिटा दीजिए, आज से दफ्तर में सबको नया पाप मिला है. मी जुनं मिटवलं, नवं भरलं. सापडेना. समोरच्या ओट्यावर चाललेला पाठ बंद पडला. खालून जाणारे यात्रेकरू मान वर करून बघू लागले. (एकानं नमस्कारही केला. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.) आपटेबाईंनी सौ.ला हळूच विचारलं, की ह्यांचं ऑफिस नक्की कसलं? सौ.नं ‘सरकारी’ म्हणून सांगितलं आणि उरलासुरला संशयही पक्का केला.

शेवटी माझा तोल सुटला. खिडकीतून अर्धा बाहेर वाकून मी अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं.

“पी, ए, पी! पाप! और क्या लिखें?”

शुक्लाजींनी ते फोनमध्ये सांगितलं, तिकडचं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

“अरे गुरु, गंगाजी वाला पाप नाहीं! कालेज वाला पाप!”

कालेज वाला. म्हणजे ए नव्हे, ओ. पॉप! आलेली पत्रं उतरवून देणाऱ्या सर्व्हरचं नाव! गल्लीभर लोकांचे उच्चार सुधारत फिरणारा मी मिसिरजींच्या उच्चारावर डोळे मिटून विसंबलो होतो आणि त्या बिचाऱ्या सर्व्हरला सकाळभर पापी ठरवत होतो.

ए खोडला, ओ घातला, आणि पत्र आलं. मी म्हणे “उतरलं! सगळं उतरलं!” असं किंचाळलो. समीरचा होकार होता, एका ओळीचा. मधुरा दाराआडून पळाली. सौ. साखरेची वाटी घेऊन आली. मी चिमूट उचलतोय, तोच आपटेबाईंच्या तोंडून निसटलं,

“व्याही, साखर मागाहून. आधी पंचगंगा घाटावर गंगेत एक बुडी मारून या.”