गोड बोलून घातलेल्या कुरडया

एप्रिलचा दुसरा रविवार, सकाळचे सहा. मला कुरडया घालायच्या होत्या आणि माझ्या भाचीला समाज बघायचा होता. दोन्ही कामं एकाच गच्चीवर उरकायची ठरली, तिथंच चुकलं.

भाची म्हणजे माझ्या भावाची अश्विनी. पुण्याला संशोधन करते. विषय असा की, पैसे मिळत नसताना माणसं एकमेकांच्या कामाला का जातात. आमच्या पेडगावात उन्हाळाभर आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी अशा कुरडया होतात, ते तिला फार आवडलं. मला एवढंच कळत होतं की आठ दिवसांवर मुलीचं लग्न आलंय, आणि रुखवतात कुरडया दिसल्या नाहीत तर सेलूच्या विहीणबाई नातवंडांच्या लग्नापर्यंत ते ऐकवतील.

"नेहमीसारखंच करा, आत्या. मी इथं नाहीच असं समजा," अश्विनी म्हणाली आणि मोबाईल उभा करून कोपऱ्यात बसली.

नेहमीसारखं म्हणजे मी ओरडते. शेजारची सुमन उलट बोलते, गल्लीतल्या म्हाताऱ्या काशीमावशी आम्हा दोघींना नावं ठेवतात आणि तासाभरात गच्ची भरते. पण पुण्याची माणसं बघणार म्हटल्यावर मी गोड बोलायचं ठरवलं होतं. बाकीच्यांनीही तेच ठरवलं असेल, हे काही डोक्यात आलं नाही.

सुमन जरीची साडी नेसून आली. (चिकाच्या कामाला!) काशीमावशी कवळी लावून आल्या. ती त्या एरवी फक्त लग्नात लावतात, तीही फोटोपुरती.

गव्हाचा चीक छान शिजला. पातेलं वर आणलं. आता गरम आहे तोवर सोऱ्यात भरून दाबायचा. निवला की संपलं.

"सुमनताई, घ्या ना," मी सोऱ्या पुढं केला.

सुमननं मागं वळून पाहिलं. मी तिला जन्मात ताई म्हटलं नव्हतं.

"न्हाई वहिनी, मावशीला मान द्या."

"मला कशाला? लग्न तुमच्या लेकीचं हाय, पहिली तुमीच घाला."

"असं कसं, तुमी मोठ्या."

"मोठी असले तरी घर तुमचं हाय."

सोऱ्या तिघींच्या हातात फिरून परत माझ्याकडं आला. तेवढ्यात पाहुणचारही दिसायला हवा म्हणून मी चहा केला. चहातही "आधी तुमी" झालं.

मग सुमननं सोऱ्या दाबला. काही आलं नाही. मी दाबला. मुंगीएवढा चीक बाहेर डोकावला आणि थांबला. काशीमावशींनी दातओठ खाऊन जोर लावला, तशी कवळी सुटून पातेल्यात पडली. चीक इतका घट्ट झाला होता की ती वरच राहिली.

"असू द्या मावशी, होतं असं," मी म्हणाले. सुमननं कवळी पदरानं पुसून दिली. कुणी हसलंसुद्धा नाही.

जिन्यातून आमच्या ह्यांनी डोकं वर काढलं. "समदं ठीक हाय ना? आवाज का येईनाय?"

त्या दिवशी सगळं पातेलं गायीपुढं गेलं.

सोमवारी सकाळी उठून आधी गहू पुन्हा भिजत घातले. तीन दिवस भिजणार, शुक्रवारी चीक, शनिवार-रविवार ऊन. जेमतेम बसत होतं. मग तडक सुमनच्या दारात गेले.

"शुक्रवारी पाचला वर पाहिजेस. ती जरीची नेसून आलीस तर चुलीत घालीन. साडी न्हाई, तुला."

"आता कशा वहिनीवानी वाटायलात," सुमन म्हणाली. तिचा चेहराच उजळला.

अश्विनी माझ्या मागोमाग आली होतीच. तिनं लगेच विचारलं, "सुमनमावशी, पैसे मिळत नाहीत तरी तुम्ही आत्याकडं का जाता?"

"न्हाई गेलं की ही दारात येऊन उभी ऱ्हाती," सुमन म्हणाली. "बघायलीस ना."

अश्विनीचं संशोधन बहुतेक तिथंच संपलं. मी थांबले नाही. काशीमावशींचं दार अजून राहिलं होतं.