धनबहादूरला मिळालेली जागा

देवाच्या कृपेबद्दल लिहायला बसले आहे. पण ती कृपा माझ्यावर झाली की मला बाजूला सारून झाली, हे अजून मला नीट कळलेलं नाही.

मी निवृत्त शिक्षिका. चिपळूणजवळच्या आमच्या लहानशा चर्चच्या समितीची चिटणीस. रविवारी मुलांना धर्मशिक्षणही देते. मृतांना मूठमाती देणं हे दयेचं कृत्य आहे, असं कित्येक वर्षं मी फळ्यावर लिहीत आले.

धनबहादूर हा नेपाळी माणूस आमच्या गावातल्या एका आंब्याच्या बागेत राखण करायचा. दर रविवारी बायकोला, मायाला, घेऊन चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, यायचा आणि शेवटच्या बाकावर बसायचा. त्याचा बाप्तिस्मा तिकडे त्याच्या गावी, दुसऱ्या कुठल्याशा पंथात झाला होता, म्हणून ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे येत नसे. सगळे गेल्यावर बाकं सरळ करायचा, झाडू मारायचा. आम्ही ते खुशाल करू देत होतो.

ऐन हंगामात, भर दुपारी, आंब्याची क्रेट उचलताना तो कोसळला तो उठलाच नाही. नेपाळला नेणं शक्य नव्हतं. माया माझ्या दारात आली आणि आमच्या दफनभूमीत जागा मागू लागली.

फादर बाहेरगावी होते. समितीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "आज एकाला दिली, तर उद्या बागांतले सगळेच येतील. बाप्तिस्म्याचा दाखला असेल तर बघू." कुणी विरोध केला नाही. निर्णय मीच लिहून काढला आणि मायाला सांगायलाही मीच गेले.

तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं त्याचं नेपाळी बायबल पुढे केलं. "दीदी, कागद नाही. पण तुम्ही ओळखता ना त्यांना?"

"ओळखते," मी म्हणाले. "पण कागद लागतो."

दोन दिवस तो सरकारी दवाखान्याच्या शवागारात पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चर्चमध्ये एकटीच बसले होते. यातून काहीतरी मार्ग काढ, अशी प्रार्थना करत होते. खरं सांगायचं तर मायासाठी नव्हे, माझी सुटका व्हावी म्हणून. तेवढ्यात बागेच्या शेजारचे शेतकरी शिवराम तात्या फाटकाशी येऊन उभे राहिले. चर्चच्या आवारात ते पहिल्यांदाच येत होते. चपला बाहेर काढूनच आत आले.

"बाय, माज्या सड्यावर काजूच्या कडंला जागा हाय. पोलीस पाटलाला इचारलंय, सरपंचाची सही पन घेतलीय. खड्डा खनून झाला. पन तुमच्यातलं काय म्हनतात, ते आमाला येत नाय. तेवडं म्हनायला चला."

मी गेले. सडा म्हणजे गावावरचं उघडं पठार: वर कातळ, खाली थोडीशी तांबडी माती. तात्यांनी आणि त्यांच्या दोन भावांनी पहाटेपासून पहारीने कातळ फोडला होता. तात्यांच्या तळहातावर फडकं बांधलेलं होतं. दवाखान्यातून आणलेल्या धनबहादूरशेजारी माया बसली होती. मी प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि 'आमच्या अपराधांची क्षमा कर' इथे येऊन अडकले. पुढचं मायाने तिच्या भाषेत पूर्ण केलं. नंतर मी तिच्यापुढे हात जोडले, तेव्हा तिने तोंड फिरवलं. आठवड्याभरात ती नेपाळला निघून गेली. तिचा पत्ता माझ्याकडे नाही.

फादर परतल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला एक फोन करायचा होतात. मी परवानगी दिली असती." फोन करावा, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. की सुचूनही केला नाही? हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारते आणि उत्तर टाळते.

समितीने पुढच्या बैठकीत दुखवट्याचा ठराव केला. तो मी लिहिला नाही, चिटणीसपद सोडलं. त्याने काही भरून निघालं, असं नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात दयेची कृत्यं शिकवायची वेळ येते तेव्हा आता माझा आवाज खाली जातो.

तात्यांना एकदा विचारलं, तुम्ही हे का केलंत? ते चुलीसाठी फाटी तोडत होते. "मानूस पडून व्हता ना," एवढंच म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

मृतांच्या स्मरणदिनी मी सड्यावर मेणबत्ती घेऊन जाते. तात्यांनी गवत आधीच कापलेलं असतं. पूर्वी मी देवाकडे काहीबाही मागत असे. आता तिथे नुसती उभी राहते, आणि माझ्या होकारासाठी देव थांबला नाही, म्हणून त्याचे आभार मानते.