पावणेसातचा रेकॉर्डर

घड्याळावर जीव आणि वेळेवर काडीचा विश्वास नाही, असा माणूस अख्ख्या केज तालुक्यात एकच होता आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला होता. हे माझ्या धाकट्या नणंदेचे यजमान. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणायचो. उभा जन्म त्यांनी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून काढला. खिडकीमागे बसून भोंग्यातून गाड्या पुकारायच्या आणि न आलेल्या गाडीची चौकशी करणाऱ्याला "येतीच आहे" असं सांगून शांत करायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर भोंगा सुटला, आवाज काही सुटला नाही. आमच्याकडे बारसं होतं तेव्हा त्यांनी ओसरीवरून पुकारलं, "दुसऱ्या पंगतीच्या मंडळींनी हात धुऊन तयार राहावं, पंगत थोड्याच वेळात लागत आहे." आणि खरंच चार म्हाताऱ्या आपापल्या पिशव्या उचलून उठल्या.

आधी केबल आली, मग घरोघर फोन आले, मग खिशातले फोन आले, आणि एका दिवाळीला दाजींच्या मुलानं पुण्याहून डीव्हीडी रेकॉर्डर आणला. टीव्हीवर जे लागेल ते तबकडीवर उतरवून ठेवायचं यंत्र. दाजींनी त्याला नणंदेनं विणलेला क्रोशाचा रुमाल घातला, समोर टेबलफॅन लावला आणि दर तासाला पालथा हात लावून ताप बघायला सुरुवात केली. यंत्रही लाडावलेलं. आत गेलेली तबकडी मनात आलं तरच बाहेर सोडायचं. एकदा नणंदेसाठी भजनाचा कार्यक्रम लावला, तर त्यानं पोट कमी करायच्या पट्ट्याची जाहिरात दोन तास उतरवली. उतरवलंच आहे म्हणून दाजींनी ती बायकोला पूर्ण बघायला लावली. मोठं दुखणं निराळंच होतं. लाइट गेली की रेकॉर्डरचं घड्याळ पुसलं जायचं आणि लाइट आली की नुसती शून्यं लुकलुकायची. ते लोडशेडिंगचे दिवस. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवातले दिवे लागले, तसे दाजी अक्षता हातात घेऊन घड्याळ लावायला घरी पळाले. परत आले तेव्हा नवरानवरी जेवायला बसली होती. दाजींनी अक्षता त्यांच्या ताटातच टाकल्या. पण यंत्राला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपायची नाहीत. "मशीन लई गुणाचं हाय. लाइट नालायक हाय."

आता माझं ऐका. मी तेव्हा पन्नाशीला टेकलेली, आणि डोक्यात हवा गेलेली बाई होते. आमच्या बचत गटाच्या बाजरीच्या वाळवणाच्या खारोड्या बघायला टीव्हीवाले आले आणि मला बोलायला सांगितलं. आठ दिवस मी चुलीपुढे, न्हाणीत, पिठाच्या गिरणीत रांगेत उभी राहून भाषण घोकत होते. चित्रीकरणाच्या दिवशी हिरव्या बांगड्या काढल्या आणि नणंदेचं घड्याळ बांधलं. का, तर बाई शिकलेली दिसावी म्हणून. मला सातवीतून काढून उजवलं होतं. काढणारी माझी माय. नांदूरघाटला माझ्या भावाकडे ती खुबा मोडून महिनाभर खाटेवर पडली होती. तिला मी टीव्हीत बोलताना दाखवायची होती. कसली खोड होती माझी, आता हसू येतं. पण तेव्हा त्यापायी झोप लागेना. डॉक्टर म्हणाले होते, या वयात हाड जुळायचं नाही, किती दिवस काढतील सांगता येत नाही.

कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला लागणार होता. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत लाइट सहाला यायची आणि नांदूरघाटची त्याच वेळी जायची. म्हणजे मायला तो दिसणार नव्हता, तबकडीच न्यावी लागणार. मी बुधवारपासून दाजींच्या घरी चार चकरा मारल्या.

"दाजी, तबकडी नवी आहे ना?"

"नवी हाय."

"घड्याळ लावलं?"

"वहिनी, मी तीस वर्सं गाड्या सोडल्यात. तुमी निसतं पदर नीट करून बसा."

गुरुवारी मी दाजींकडेच जाऊन बसले. सहाला लाइट आली. साडेसहाच्या ठोक्याला कार्यक्रम सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला पडद्यावर मी आले. दाजी खुर्चीतून ताडकन उठले, रेकॉर्डरपुढे उकिडवे बसले आणि बटणं दाबू लागले. त्यांच्या टकलामागे माझा अर्धा चेहरा झाकला गेला.

"दाजी, मधून बाजूला व्हा. मी दिसंना झाले. बसा बरं खाली."

"आवो वहिनी, पर..."

"बसा म्हणते ना."

बिचारे बसले. माझं बोलणं पुरी दहा मिनिटं चाललं आणि मी स्वतःकडे इतकी टक लावून बघत होते की घरात साप आला असता तरी कळलं नसतं. पावणेसातला रेकॉर्डरवर लाल ठिपका लागला, तेव्हा सहज दाजींकडे नजर गेली. चेहरा पांढराफटक, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं त्यांचा कंठ दाटून आला. मी त्यांना आणखी एक चहा करायला लावला.

पुढचे आठ दिवस दाजी मला चुकवू लागले. विचारलं की सांगायचे, तबकडी दुसरीकडे चालायची तर आधी पक्की करावी लागती, आणि मशीन नेमकं तिथंच अडलंय. कधी नव्हे ते मशीनला दोष देत होते, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तिकडून भावाचे निरोप यायला लागले. मायचं जेवण सुटलंय, रोज विचारती, टीव्हीतली आली का. मग मात्र मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. "इथं चालती ना तबकडी? मग उद्या मशीनच उचला. नांदूरघाटला दुपारी लाइट असती."

दाजींनी रेकॉर्डर शालीत गुंडाळला आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं बाळ किती महिन्यांचं म्हणून विचारलं. एरवी त्यांनी तिला वारसुद्धा सांगितला असता. त्या दिवशी त्यांनी नुसती शाल सारखी केली.

भावानं मायला उशांवर टेकवून बसवलं, चष्मा घातला. लाइट होती. तबकडी फिरली आणि पडद्यावर कुठल्या तरी गावचा गांडूळखताचा खड्डा आला. तो बराच वेळ चालला. मग शेवटची नावं वर सरकू लागली आणि त्यांच्यामागे क्षणभर, धोतरावर खारोड्या घालणारे दोन हात दिसले. चेहरा नाही, आवाज नाही. संपलं.

"हात तुझा हाय," माय म्हणाली. "बांगड्या कावून काढल्या गं?"

मी रेकॉर्डरला शिव्या द्यायला तोंड उघडलं, तोच दाजी म्हणाले, "मशीनला बोलू नका वहिनी. जन्मात पैल्यांदा ते टायमावर चाललं. म्याच पावणेसात लावलं होतं. साडेसहाची गाडी साडेसहाला सुटलेली मी कंदी बघितलीच न्हाई. चूक माझी हाय, मावशी." आणि ते दारात जाऊन पाठमोरे उभे राहिले. उठून बटणं दाबत होते तेव्हा त्यांना खाली कुणी बसवलं, हे मला आत्ता आठवलं. ते त्यांनी सांगितलं नाही.

"मग तूच सांग की," माय म्हणाली. "काय बोललीस ती."

आठ दिवस घोकलेलं भाषण, टीव्हीवाल्यांपुढे न अडखळता म्हटलेलं. मायपुढे पहिलंच वाक्य आठवेना. तरी बोलले. बाजरी कशी भिजवायची इथपासून बँकेत सही कशी केली इथपर्यंत. टीव्हीवाल्यांनी कापलेलंही सगळं सांगितलं. माय मध्ये मध्ये विचारत होती, मी सांगत होते, तास कधी गेला कळलं नाही. शेवटी तिनं माझं मनगट धरलं, बांगड्या सारख्या केल्या आणि अगदी हळू म्हणाली, "शाळेतनं काढाया नको होतं तुला. माझं चुकलं ते."

परतताना फाट्यावर जीपची वाट बघत उभे होतो. शाल आवळत दाजींनी विचारलं, "मावशी शेवटाला काय म्हणल्या? मला दारात ऐकू न्हाई आलं. लई चिडल्या का माझ्यावर?"

"खारोडीत तीळ कमी सांगितलेस म्हणाली."

ते जिवावरचं टळल्यासारखे हसले.

माय त्यानंतर महिनाभरच होती. दाजी पुढे बरीच वर्षं होते, आणि चार माणसं जमली की पावणेसातची ही हकिकत भोंग्याच्या आवाजात सांगायचे. चूक दर वेळी स्वतःचीच. माझ्या "बसा खाली"पाशी आले की अलगद पुढे सरकायचे. सगळ्यांबरोबर मीही हसत असे. एखाद्या वेळी त्यांना थांबवून बाकीचं मी सांगायला हवं होतं.