नऊ चौकटी आणि एका शिक्षिकेचे मामा

हे सांगायचं मी चार वर्षं टाळलं. कोणी मेळाव्याचा विषय काढला की मी उन्हाळा किती वाढलाय ते बोलायला लागायचो.

निवृत्तीनंतर देवपूरला घरी बसून मी वेबसाइट बनवायला शिकलो. लगेच समाजाच्या वधू-वर मेळाव्याचा ऑनलाइन फॉर्म माझ्या गळ्यात पडला. खरं तर मीच गळा पुढे केला. 'मामांची माहिती' अशी एक चौकट बनवली आणि तिच्याच नकला करून आणखी आठ केल्या. वर दिसणारी नावं बदलली: उंची, शिक्षण, नोकरी, अपेक्षा वगैरे. चौकटीला आतूनही एक नाव जोडलेलं असतं. ते बदलायचं राहिलं. डोळस माणसाला ते कळत नाही. पण ज्याला दिसत नाही, त्याचा फोन नेमकं तेच वाचून दाखवतो.

पहूरच्या एका अंध शिक्षिकेने फॉर्म भरला. फोन त्यांना नऊ वेळा म्हणाला, "मामांची माहिती." आपल्याकडे मामाचं कूळ विचारल्याशिवाय सोयरीक पुढे सरकतच नाही, त्यामुळे त्यांना काही वावगं वाटलं नाही. त्यांनी नऊ वेळा माहिती दिली.

जळगावच्या मेळाव्यात त्या स्टेजवर उभ्या होत्या, माईक माझ्या हातात. कागद आधी वाचून ठेवायची मला सवय नाही.

"उंची, सख्खे मामा तीन. शिक्षण, थोरले वरणगावला राहतात. नोकरी, मधल्यांचा पाय दोनदा मोडला."

काहीतरी चुकतंय हे कळेपर्यंत मी शेवटच्या ओळीवर पोचलो होतो. "अपेक्षा, धाकटे तापट आहेत, पण मनाने चांगले."

मंडप हसून लोटपोट. मागून धुळ्याचे एक नाना ओरडले, "आबा, लगीन पोरनं शे का मामानं?"

त्या हळूच म्हणाल्या, "आबा, तुमचा फॉर्म दुसरं काही विचारतच नव्हता."

आणि मी, माईकवरच, म्हणालो, "ताई, घाईत फॉर्म भरला की असं होतं."

लोक पुन्हा हसले. आईचा हात धरून त्या खाली उतरल्या. त्यांचं शिक्षण किती, नोकरी कुठे, कोणालाच कळलं नाही.

आठवड्याने डोळे मिटून, फोनला बोलायला लावून, मी स्वतः फॉर्म भरायला बसलो. तिसऱ्या 'मामांची माहिती'ला मी डोळे उघडले. गुपचूप दुरुस्ती केली, कमिटीला काही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी हिंमत करून त्यांना फोन लावला. बोलायचं वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं होतं.

"आबा! मैत्रिणीचा फॉर्म भरून दिला परवा," त्याच आधी बोलल्या. "आता सगळं नीट विचारतो. कोणी दुरुस्त केला?"

"केला एकाने. तुमचा फॉर्म कधी भरताय?"

"छे! एकदा हसून झालं लोकांचं, पुरे. त्या माणसाला माझे आभार सांगा."

"सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

कागद अजून टेबलाच्या खणात आहे. त्यावर लिहिलंय, 'ताई, तुम्ही फॉर्म बरोबर भरला होता. चूक माझी होती. मला माफ करा.'